माझं दूध बाधलं म्हणे

तान्ह्या पोराच्या शीवर आमच्या सासूइतका विचार अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणी केला नसेल. सकाळी लंगोट आधी तिला उलगडून दाखवायचा आणि मगच न्हाणीत धुवायला न्यायचा, असा घरचा कायदाच होता. पिवळी दिसली की ती नुसती मान हलवायची. जरा हिरवट दिसली की सुरू, "काहून वं, काल पालक खाल्ली का तू?" शी पोरीची आणि झडती माझ्या ताटाची! मी आधी पालक सोडली, मग हरभऱ्याची भाजी, मग वांगं. राहता राहिलं वरणभात.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नागपुरातल्या महाल भागात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यात होती. आमच्यात मामानं उष्टावण केल्याशिवाय बाळाच्या तोंडी अन्नाचा कण लागत नाही. मामा येणार, चांदीच्या वाटीतली खीर चाटवणार, मग वरचं खाणं सुरू. आणि माझा भाऊ तिकडे भिवापूरला मिरचीच्या तोड्यात अडकलेला. बाया मिळाल्या की तोडा, तोडा झाला की वाळवण. आज येतो, उद्या येतो करता करता फाल्गुन सरला. म्हणजे पोरगी निव्वळ माझ्या दुधावर होती. निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

एका सकाळी लंगोट उघडला. शी लाल होती.

"अवं माय वं! रगत पडून राहिलं पोट्टीले!" सासू ओरडली, आणि त्याच दमात माझ्याकडे वळली, "काय खाल्लं तू काल?"

मी भिवापूरची. भाकरीबरोबर बोटभर ठेचा खाल्ला होता. खोटं कशाला बोलू, सांगून टाकलं. तेवढं तिला पुरलं. मिरचीची आग दुधात उतरली, दुधातून पोरीच्या पोटात गेली, असा निकाल तिनं तिथंच न्हाणीच्या दारात लावला.

डॉक्टरांकडे नेलं तर पोरगी त्यांच्या टेबलावर पाय झाडत हसत होती. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "वरचं काही दिलं का हिला?" मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "छे बापा! उष्टावण व्हायचं आहे अजून." डॉक्टरांनी पुड्या दिल्या, आईचं दूध चालू ठेवा म्हणाले, पुन्हा असं झालं तर लगेच आणा म्हणाले. घरी येईपर्यंत सासूनं डॉक्टरला निकालात काढलं होतं. "त्याले काय समजते? हिचं दूध बाधलं."

त्या दिवसापासून पोरीला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "आई म्हणते तं राहू दे ना थोडे दिवस." दूध आटावं म्हणून सासूनं माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली. फुलं सुकली की नवी बांधायची. छाती दगडासारखी घट्ट झाली, ताप भरला. पलीकडच्या खोलीत पोरगी रडली की इकडे माझं लुगडं भिजायचं आणि मी न्हाणीत जाऊन ते दूध मोरीत पिळायची. पोटच्या पोरीचं दूध मोरीत! बाटलीला ती आधी तोंड लावेना, मग लावायला लागली. भूक लागली की पोरं शिकतात.

दूध पार आटलं. आणि एका सकाळी लंगोट पुन्हा लाल.

मी तशीच बसून राहिले. माझं दूध तर बंद होतं, मग हे लाल आलं कुठून? उठले आणि स्वयंपाकघर पालथं घातलं. मागच्या फळीवर, पालथ्या वाटीखाली अर्धं बीट सापडलं, चमच्यानं खरवडून खरवडून पोकळ केलेलं.

"आई, हे काय आहे?"

ती जराही दचकली नाही. "बिटानं रगत वाढते. गाल लाल होतात. तुझ्यासारखी काळी राहू देऊ का पोट्टीले?"

"आणि उष्टावण?"

"उगी रस चाटवला वं. त्याले काय खाणं म्हणतात?"

"मग त्या दिवशी डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"चारचौघात सांगू का, मामाच्या आधी मीच चाटवलं म्हणून? अन् तू कोणापाशी बोलशील तं पाह्य!"

चोराच्या उलट्या बोंबा. मला तिचा गळा धरावासा वाटला, खोटं नाही सांगत. संध्याकाळी नवरा आला तसं ते बीट आणि न धुतलेला लंगोट त्याच्यापुढे टाकला. त्यानं ऐकून घेतलं, सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाला, "बरं झालं ना मग. रगत नव्हतं." माझं काय झालं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो हात धुऊन जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी दार लोटून मी पोरीला मांडीवर घेतलं आणि छातीशी लावलं. तिनं ओढून पाहिलं, थांबली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा ओढलं. मी दाबत होते, मालिश करत होते, तिला म्हणत होते, "घे गं माय, घे, आहे त्यात." थेंबही नव्हता. ती कळवळून रडायला लागली आणि दोन्ही हातांनी मला ढकलायला लागली.

दार उघडलं. सासू बाटली घेऊन उभी होती. तिला पाहताच पोरीचं रडणं थांबलं आणि तिनं हात पसरले.

"दे इकडे," सासू म्हणाली.

पोरगी भुकेली होती. मी दिली.