बाबाराव गुरुजींच्या तोंडचा पेपर

जैनथकडच्या त्या वस्तीत रोज सकाळी विहारासमोर पेपर वाचायची रीत होती. वाचणारे बाबाराव गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले. छापलं तेवढंच वाचायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणूनच गुरुजींनी वाचलं की वस्तीसाठी ती काळ्या दगडावरची रेघ! स्वतः पेपर उघडून पाहायची तसदी कोण घेतो?

पैनगंगेवरचं धुकं विहाराच्या दारापर्यंत यायचं आणि गुरुजींची तंद्री लागायची. वाटायचं, हा आवाज आपला नाहीच. दूर शहरात उंच काचेच्या इमारतीत पेपरचा मालक बसलाय, तोच आपल्या गळ्यातून बोलतोय. आणि मालक तरी कसला वाढला, बघता बघता! आधी एक पेपर, मग दोन चॅनल, मग पुढारी त्याच्या दारात, आणि आता इथं नदीकाठी त्याचाच सिमेंटचा कारखाना. गुरुजींना, खोटं कशाला बोला, त्याचं कौतुकच होतं.

त्या दिवशीही ते तंद्रीतच वाचून गेले, "कारखान्यासाठी नदीकाठच्या शेतकऱ्यांनी राजीखुशीनं जमिनी दिल्या. ताराबाई या वृद्ध महिलेनं आनंद व्यक्त केला."

ताराबाई समोरच बसली होती. नवऱ्यामागं तिनं एकटीनं त्या काठच्या तुकड्यात कापसाची पऱ्हाटी पिकवली होती.

"गुरुजी, मी कवा हो म्हटलं? कारखान्याचे साहेब आल्ते, तवा मी त नाई म्हटलं होतं."

गुरुजींनी ती ओळ पुन्हा पाहिली; छापलं तेच होतं. ताराबाई हळूच म्हणाली, "पण तुमी वाचून राह्यले, म्हंजे मी हो म्हटलंच असन. वय झालं, बाप्पा. ध्यान राह्यत नाई. उद्या साहेब कागद घिऊन येतीन, देतो अंगठा."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

गुरुजींची तंद्री खाडकन उतरली. मालकानं तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. तिचं शेत तिच्याकडून काढून घेत होता तो गुरुजींचा आवाज.

"थांबा ताराबाई! खालची ओळ राह्यली."

खाली साबणाची जाहिरात होती. गुरुजींनी पेपर डोळ्यांसमोर धरला, आणि जन्मात पहिल्यांदा न छापलेलं वाचलं, "मात्र ताराबाईंनी जमीन द्यायला साफ नकार दिला. त्या अंगठा देणार नाहीत."

"असं लिवलंय?"

"व्हय."

ताराबाई पुन्हा खाली बसली. "मंग बराबर हाय," ती म्हणाली. "मले तसंच आठवून राह्यलं होतं."