मोगऱ्याच्या कुंडीतला खड्डा

पाळलेली कोळीण मेली असं समजून मी मोगऱ्याच्या कुंडीत खड्डाही खणून आलो. नवशिक्यांना ही शांत जात बरी, म्हणून लेकीने हट्टाने आणलेली तळहाताएवढी केसाळ टॅरँट्युला कोळीण काचेच्या पेटीत, नारळाच्या भुश्शावर उताणी पडली होती. उचलायला हात घातला तशी लेक ओरडली, "बाबा, थांबा! कात टाकतेय ती. आत्ता धक्का लागला तर खरंच मरेल!"

हात तसाच अधांतरी राहिला. मी, लेक आणि बायको, आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. जुनं अंग सोडताना जीव किती मऊ होत असेल, आणि मदतीला धावणारे हात किती जड!

अखेर एक फिकट पाय सरकला.

कोळ्यांना घाबरणारी बायको हळूच म्हणाली, "अहो, रविवारी जेवून तुम्हीही असेच उताणे पडता. मी कधी खणला का खड्डा?"