आईंनी माझी बाजू मांडली

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि जयपुरातल्या आमच्या मालवीय नगरच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंचा आणि माझा वाद सुरू झाला. कारण होतं तिचा बाप्तिस्मा.

नवरा नगरचा, मी सोलापूरची. दोघंही मराठी ख्रिस्ती, दोघंही प्रोटेस्टंट. लग्न ठरताना तेवढं पुरेसं वाटलं होतं. पण त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. माझ्या माहेरी बाळासाठी नुसती प्रार्थना होते. बाप्तिस्मा घ्यायचा तो मोठं झाल्यावर, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडून. माझा झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

"आमच्या घरात चार पिढ्या असंच चालत आलंय," आई म्हणाल्या.

"अहो आई, तिला अजून मान धरता येत नाही. ती कसली कबुली देणार?"

"मग तोवर ती कोणाची? परक्याची?"

यावर मी आणखी चिडले.

इथल्या हिंदी चर्चचे पाळक शहाणे निघाले. "मी काही बोललो तर एकीची बाजू घेतल्यासारखं होईल," ते म्हणाले. मुरलीपुऱ्यात एक निवृत्त प्राध्यापिका राहतात, त्यांनी आयुष्यभर पाळक होणाऱ्यांना मंडळीचा इतिहास शिकवला. त्यांच्याकडे जा, असं पाळकांनी सुचवलं.

शनिवारी दुपारी आम्ही चौघं गेलो. बाईंनी बाळाला बगरू गावच्या छापील चादरीवर झोपवलं आणि आमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शेजारच्या कारखान्यात कसलंसं यंत्र धडधडत होतं, त्यामुळे त्या सगळं हिंदीतून मोठ्याने सांगत होत्या. पाचशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका शहरात नेमका हाच वाद पेटला. काही तरुण म्हणाले, बाळपणीचा बाप्तिस्मा आम्ही मानत नाही, आणि त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. नगरसभेने त्यावर मृत्युदंड ठेवला. त्यांच्यातल्या काहींना नदीत बुडवून मारलं.

"रोमन कॅथलिकांनी?" मी विचारलं.

"त्यांनीही पुढे मारले. पण त्या शहरात मारणारे आपलेच होते."

"मतलब, प्रोटेस्टंटांनी प्रोटेस्टंटांना?" आईंनी विचारलं. जयपुरात तीन महिने राहून 'मतलब' त्यांच्या तोंडात बसला होता. "आम्हाला हे कोणी कधी सांगितलं नाही."

मलाही नव्हतं सांगितलं. माझ्या मंडळीचा इतिहास माझ्या आजोबांपासून सुरू होत होता, त्याआधी थेट नवा करार. मधली सगळी शतकं जणू कोणी जगलंच नव्हतं.

निघताना बाईंनी आम्हाला काम दिलं. पुढच्या शनिवारी मी बाळांच्या बाप्तिस्म्याची बाजू मांडायची आणि आईंनी माझी. "चिडवायला नाही," त्या म्हणाल्या. "ज्या माणसांनी ते मानलं, त्यांनी का मानलं, ते त्यांना पटेल असं सांगायचं."

आठवडाभर बाळ झोपलं की मी बाईंनी दिलेली टिपणं वाचत बसायचे. मला वाटलं होतं, ही नुसती चालत आलेली रूढी असेल. पण त्यामागे विचार होता. देव माणसाशी करार करतो तेव्हा त्याच्या घरादाराला आत घेतो. हाक आधी येते, ओ नंतर देता येते. मांडीवरच्या मुलीला मी दिवसभर नावाने हाका मारत होते, तिला ते नाव तिचं आहे हे ठाऊकही नव्हतं. मी वाचता वाचता थांबले.

आईंनी तोवर नगरला आपल्या मोठ्या दिरांना दोनदा फोन केला होता. कशासाठी, ते सांगत नव्हत्या.

शनिवारी त्या आधी बोलल्या. पदर नीट करून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसून. "मी जन्मभर चार पिढ्या, चार पिढ्या म्हणत आले. त्यातला पहिला माणूस कोण, हे परवा विचारलं. माझ्या सासऱ्यांचे आजोबा. बाप्तिस्मा घेतला तेव्हा बावीस वर्षांचे होते. घरच्यांनी ते मेले असं धरून त्यांच्या नावाने अंघोळ केली. त्यांना कोणी कडेवर घेऊन प्रभूच्या देवळात नेलं नव्हतं. ते स्वतःच्या पायांनी गेले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू म्हणतेस ते आमच्याच घरात झालेलं होतं गं."

त्यानंतर मला माझी, म्हणजे त्यांची, बाजू मांडायची होती. टिपणं बाजूला ठेवून मी हाकेपासून सुरुवात केली.

परतताना गाडीत आई म्हणाल्या, "मला वाटतं, थांबू या. मोठी होऊन तिची ती ठरवेल."

"आणि मला वाटतं, देऊ या," मी म्हणाले.

नवऱ्याने सीकर रोडच्या कडेला गाडी थांबवली आणि तो पोट धरून हसला. मग शांत झाल्यावर म्हणाला, "मला कोणी विचारणार आहे का?" त्याला बाप्तिस्मा द्यायचा होता. कारण विचारलं तर म्हणाला, ती आपल्यात आहे हे आपल्याला सगळ्यांसमोर बोलायचं आहे, तिला नाही.

फेब्रुवारीत बाप्तिस्मा झाला. सोलापूरहून माझे वडील आले. त्यांना पटलं नव्हतं, तसं त्यांनी फोनवर आणि इथे आल्यावरही स्पष्ट सांगितलं. पण उपासनेत पुढच्या बाकावर बसले. जेवताना आई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि विचारू लागल्या. तुमच्यात बाप्तिस्म्याआधी माणसाची परीक्षा कोण घेतं? काय विचारतात? एखादा नापास झाला तर? वडील आधी तुटक बोलले, मग ताट बाजूला सारून खुर्ची वळवून बसले.

आई आता नगरला असतात. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर मुरलीपुऱ्याच्या बाईंकडे शिकतात. परवा मला फोन करून त्यांनी विचारलं, प्रभुभोजनाच्या भाकरीवरूनही आपल्यात फूट पडली होती, हे मला ठाऊक होतं का. मला ठाऊक नव्हतं. "मग बस खाली," त्या म्हणाल्या, "मोठी गोष्ट आहे."