नानकटाईच्या भट्टीत चार पत्रे

समुद्राकाठच्या माणसाला लोखंडावर काही खडबडीत दिसलं की त्याच्या डोक्यात एकच शब्द येतो: खाल्लं. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने खाल्लं. आमच्या रेवदंड्यात खिडकीचे गज, सायकलच्या घंटा, देव्हाऱ्याच्या बिजागऱ्या, सगळ्यांवर आधी रंगाखाली बारीक पुरळ उठतं, मग फोड येतात आणि एके सकाळी बिजागरी हातात येते. त्यामुळे पुरळ दिसलं की पॉलिश पेपर घ्यायचा, हे आम्ही अक्षरओळखीच्या आधी शिकतो. या शिक्षणावर माझी बावन्न वर्षं सुखात गेली. त्रेपन्नाव्या वर्षी त्यानेच माझा घात केला.

घात झाला तो सासऱ्यांच्या गाडीत. जुनी, गोल पाठीची, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरची दांडी असलेली गाडी. सासरे गेल्यावर मेहुण्याच्या पनवेलच्या सोसायटीत तिला जागा मिळेना, म्हणून ती आमच्या नारळीखाली आली. मी ती रंगवायला काढली. बायकोने एकच अट घातली. बाहेरून काय हवं ते करा, पण आत काही बदलायचं नाही.

मी आनंदाने मान डोलावली. गावच्या नाटकात तीस वर्षं तोंडाला रंग फासत आलोय, तेव्हा रंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये असा माझा आपला समज.

भाचीच्या बाळंतपणासाठी ही पंधरा दिवस पनवेलला गेली आणि मी कामाला लागलो. बाहेरचं आठवड्यात उरकलं. मग दारं उघडून आत पाहिलं. प्रत्येक दाराला आतून, काचेच्या खाली, करड्या रंगाचा एक लांबट पत्रा. असे चार पत्रे. आणि चारही पत्र्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक बारीक दाणे. मी जवळ जाऊन नखाने खरवडून पाहिलं आणि मान हलवली. खाल्लं.

हँडलं काढली, काचा खालीवर करायच्या दांड्या काढल्या, स्क्रू एका वाटीत ठेवले. पत्रे अंगणात मांडून त्यांना रंग सोडवायचं औषध फासलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि चहा प्यायलो. तासाभराने पातीने ओढलं तर सगळे दाणे साय निघावी तसे निघाले. खाली पत्रा स्वच्छ. गंजाचा एक ठिपका नाही. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी मात्र खूश झालो. म्हटलं, रोग वरच्यावर होता, वेळेत पकडला. उरलेले कण टोकदार खिळ्याने, दातांच्या ब्रशने काढत चार दिवस घालवले. मग गुळगुळीत, चकचकीत करडा रंग मारला. एका पत्र्यात बघून भांगसुद्धा पाडला.

दारांना लावायची रबरी पट्टी आणायला अलिबागला गेलो, तेव्हा तिथल्या गाड्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला मोबाइलवर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. शाबासकीच घ्यायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. त्याने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"काका," तो म्हणाला, "हे कारलं होतं. तुम्ही त्याची काकडी केलीत."

ते दाणे म्हणजे कारखान्यातून आलेला रंगच होता. जुन्या टाइपरायटरच्या अंगावर असतो, तसा. जाड थर द्यायचा, ऊब द्यायची, की वरची साय आकसते आणि दाणे उठतात. हे सगळं तो इतक्या हळुवार आवाजात सांगत होता, जणू घरात कोणी गेलंय.

त्याच संध्याकाळी बायको परत आली. सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं मी बसमध्येच ठरवलं होतं. पहिलं वाक्यही पाठ केलं होतं. पण चहाचा कप हातात घेत तीच बोलायला लागली. म्हणाली, भाचीला गाडी लागते ना, तशी मलाही लागायची. बाबा पालीला गणपतीला न्यायचे तेव्हा मी दाराशी बसायचे, आणि मळमळायला लागलं की बाबा म्हणायचे, दारावरचे दाणे मोज. शंभरच्या पुढे कधी गेले नाही, पण उलटीही कधी झाली नाही.

एवढं बोलून तिने विचारलं, "गाडी कुठवर आली?"

माझं पाठ केलेलं वाक्य घशातून परत पोटात गेलं आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. मी उठून उभा राहिलो, हात पसरले आणि जाहीर केलं की गाडीवरची ताडपत्री आता दिवाळीच्या पाडव्यालाच उठेल, तोवर घरातल्यांनीसुद्धा आत डोकवायचं नाही. ही इतकी हरखली की लगेच भावाला फोन केला. मग मावशीला. मग मावशीच्या सुनेला. अर्ध्या तासात माझ्या पडदा उघडण्याच्या कार्यक्रमाला चौदा माणसं येणार, हे पक्कं झालं. मला कोणी कोंडलं नव्हतं. मीच आत शिरून कडी लावली होती.

पाडव्याला तीन आठवडे होते. पनवेलच्या एका यंत्रं रंगवणाऱ्याकडून तो दाण्यांचा रंग मिळवला, चोरून मारला, उन्हात ठेवला. दाणे उठले नाहीत, मुंग्या मात्र चिकटल्या. हिच्या केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली, तर मधोमध बशीएवढ्या जागी सुरकुत्या आणि भोवती डांबर. परत खरवडलं. रोज संध्याकाळी ही ताडपत्रीकडे बघून हसायची आणि मला जेवण जायचं नाही.

मग मला चाचांची बेकरी आठवली. चाचा म्हणजे साठीचे, एक मुलगा मस्कतला, दुसरा कुवेतला, आणि स्वतः लाकडाच्या भट्टीसमोर. त्यांच्याकडे दिवाळीआधी गावातल्या बायका घरी मळलेली नानकटाई ट्रेमध्ये मांडून भाजायला आणतात. त्यासाठी भट्टी बुधवारी ठेवलेली होती. मंगळवारी सकाळचे पाव निघाले की दुपारी ती रिकामी आणि कोमट, म्हणजे मला हवी तशी.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "वहिनींना सांगितलंत?"

"सांगणार आहे."

"म्हणजे नाही," चाचा म्हणाले आणि भट्टीचं झाकण काढलं.

मंगळवारी मी अलिबागला चाललो असं सांगून पावाच्या टेम्पोतून, चार पत्र्यांसकट बेकरीत उतरलो. भट्टीच्या खोलीत पत्र्यांना रंग मारला. दोन पत्रे एका जाड तव्यावर ठेवून भट्टीच्या तोंडाशी सरकवले. दोन ओले, रांगेत. दहा मिनिटांत पहिल्या पत्र्याची साय थरथरली. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ओट्यावर ट्रे आपटल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग पाच-सहा.

उद्या गर्दी होईल म्हणून सगळ्यांनीच आज यायचं ठरवलं होतं.

भट्टीच्या खोलीला दारं दोन. मागच्या दाराला दिवाळीपुरती लाकडं छतापर्यंत रचलेली. पुढचं दार ओट्यावर उघडणारं, आणि ओट्यावर बायका. मी पिठाच्या पोत्यांमागे दबून बसलो आणि फटीतून पाहिलं. सगळ्यात पुढे, मांडीवर ट्रे घेऊन, माझी बायको.

त्या पाऊण तासात मी उकडलो, पिठाने पांढरा झालो, एकदा शिंक नाकात दाबून डोळ्यांत पाणी आणलं. पत्रे तव्यावर आणि मी पोत्यांमागे, भाजणं सारखंच. आणि चाचा. पंचवीस वर्षांची ओळख, पण या माणसात असा नट दडलाय हे मला ठाऊक नव्हतं. बाहेर जाऊन त्यांनी शांतपणे सांगितलं की भट्टीत एक मोठी ऑर्डर आहे, थांबावं लागेल. कसली ऑर्डर, बायकांनी विचारलं. "पाहुण्यांची," चाचा म्हणाले. "खरपूस भाजायचीय." आणि माझ्याकडे न बघता आत येऊन पत्रे फिरवले.

मग वास सुटला. तापलेल्या रंगाचा, तिखट, घशाला लागणारा.

"चाचा, वास कसला येतो ओ?" एक कोळीण म्हणाली. "पीठ जलला काय?"

चाचांनी तव्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, "तूप जरा जुनं निघालं."

मी मागे बसून त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. पण ओट्यावरची कुजबुज बदलली. तूप जुनं? मग आपली नानकटाई त्याच भट्टीत? दुसरी म्हणाली, चौलला नवी बेकरी झालीय, तिथे विजेची भट्टी हाय, वास न्हाय नि काय न्हाय. एक ट्रे उचलला गेला. मग दुसरा. चाचा भट्टीकडे तोंड करून उभे होते. मघाचा नट कुठल्या कुठे गेला होता. दिवाळीच्या तोंडावर गावातल्या बायकांनी एकदा तूप खराब म्हटलं, की पुढची दहा वर्षं त्या बेकरीचं नाव तेच.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला. "चाचा, माझ्या बाबांपासून आम्ही इथेच येतो. पण खरं सांगा, तुपात काही गडबड असेल तर मी पाहुण्यांना कशी देऊ?"

माझं नाव चाचांच्या जिभेवर होतं आणि ते गिळून चाचा उभे होते.

मी उठलो. रंगमंचावर मी खूप प्रवेश घेतलेत, पण पिठाने माखलेला, हातात पोत्याच्या तुकड्यांनी धरलेला गरम पत्रा घेऊन कधी आलो नव्हतो. "तूप चांगलं आहे," मी म्हणालो. "वास माझा आहे."

बायका हसल्या. खूप हसल्या. ही हसली नाही. तिने पत्र्याकडे पाहिलं, मग मी सगळं सांगितलं, रंग सोडवायच्या औषधापासून मुंग्यांपर्यंत, तेही तिने ऐकलं.

"खरवडताना एकदाही वाटलं नाही, विचारावं?"

"तू पनवेलला होतीस."

"फोन होता."

तिने ट्रे खाली ठेवला, आत आली, उरलेल्या दोन ओल्या पत्र्यांकडे बोट केलं आणि चाचांना म्हणाली, "हे आधी टाका. अजून वाळले नाहीत तोवर."

ते होईपर्यंत ती भट्टीच्या तोंडाशी उभी राहिली. साय थरथरली, आकसली, दाणे उठले, सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं. निवल्यावर तळवा फिरवला.

"मोठे आलेत," ती म्हणाली. "बाबांच्या गाडीचे नाहीत हे."

"परत काढू?"

"नको. आता हात लावू नका."

बाहेर जाऊन तिने बायकांना सांगितलं की चाचांच्या तुपाची ग्वाही ती देते, आणि ट्रे पुन्हा खाली आले. रंगाचा वास जावा म्हणून भट्टी पेटवून, निववून नानकटाई दुसऱ्या दिवशी भाजली गेली.

पाडव्याला चौदा माणसं आली. मी ताडपत्रीची दोरी धरून घसा खाकरला, तर ही पुढे झाली आणि तिने गोष्ट सुरू केली. माझी गोष्ट. कोळणीचा आवाज काढून, चाचांचा चेहरा करून, माझं पोत्यांमागचं बसणं प्रत्यक्ष बसून दाखवून. नवऱ्याने तीस वर्षं जे गावभर केलं ते तिने दहा मिनिटांत केलं, आणि जास्त चांगलं केलं. तेव्हापासून जो पाहुणा येतो त्याला ती ही गोष्ट सांगते. मी शेजारी बसून ऐकतो. कुठे एखादा तपशील दुरुस्त करायला तोंड उघडलं, की ती माझ्याकडे न बघता म्हणते, "तुम्ही पोत्यांमागेच थांबा. तुमचा प्रवेश यायचाय अजून."