क्वालिटीनं अडवलेलं पान

आमच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या असतात आणि दोन्ही एकेकट्या. माझं युनिट तळवड्यात, तिथे गुरुवारची सुट्टी. नवरा चाकणला, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, त्याची सुट्टी रविवारची, आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. लग्नाला सोळा वर्षं झाली. त्यातली निम्मी आम्ही दारातच भेटून काढली, एकजण चपला काढतोय, दुसरा घालतोय.

पुस्तकं घरात मी आणली. चिंचवड स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवर जगाच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ मिळाला, मराठीत उतरवलेला. घेतला होता स्वतःसाठी. आठवड्याने बघते तर माझी खूण बावन्नाव्या पानावर आणि चौसष्टाव्यावर कॅन्टीनचं कूपन. दहावीनंतर पेपरापलीकडे काही न वाचलेला हा माणूस न विचारता माझ्या पुढे गेला होता. मला रागही आला आणि फार बरंही वाटलं.

शिफ्ट सुटताना जाणारा येणाऱ्याला सांगून जातो, काम कुठवर आलंय, मशीन कुठे कुरकुरतंय, कशाला जपायचं. तशा आम्ही पुस्तकात चिठ्ठ्या ठेवू लागलो. ‘पान १२०. नवा राजा बसलाय, हाही टिकत नाही.’ ‘पान १८८. एवढे पूल, एवढ्या भिंती. बांधणाऱ्या एकाचंही नाव नाही. लक्ष ठेव.’ त्यावर मी लिहायचे, ‘आधी डब्याचं झाकण कुठे टाकलंत ते आठवा, मग जगाचं बघा.’ समोरासमोर आम्ही भाजी, गॅस आणि पाण्याची वेळ एवढंच बोलायचो. बाकीचा संसार चिठ्ठ्यांत चालायचा आणि खरं सांगते, तोच जास्त सुखाचा होता.

इतिहास संपल्यावर आजकालच्या जगण्याविषयीचं एक पुस्तक आणलं. मोबाइलमुळे नवरा-बायको दुरावलेत, असं त्यात पानोपानी होतं. ह्याची चिठ्ठी आली, ‘लेखकाने कधी शिफ्ट केलेली नाही.’ मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

तिसरं पुस्तक पैशाच्या नियोजनाचं. ते चालू असताना माझ्या भाचीच्या लग्नासाठी ह्याने रजा टाकली नाही, म्हणून मी त्याला बरंच काही ऐकवलं. त्यानंतर पुस्तकात चिठ्ठी येईना. मी रोज संध्याकाळी आल्या आल्या उघडून बघायचे. माझी खूण होती तिथेच, आणि त्याचं कूपनही येऊन तिथेच थांबलेलं. चार दिवस, आठ दिवस, पुढे बारा. मीही हट्टाने चिठ्ठी लिहिली नाही. पण आतून घाबरले होते. बोलायची हीच एक जागा उरली होती आणि मी माझ्या तोंडाने ती घालवली, असं वाटायला लागलं.

शेवटी एका गुरुवारी सकाळी तो पोहे खात होता तेव्हा मी म्हटलं, “वाचायचं नसेल तर सरळ सांगा. पुस्तक परत देऊन टाकते गाडीवाल्याला.”

त्याने मान वर केली. “मी कसं वाचणार? तूच लाल टॅग लावलायस.”

मला क्षणभर कळेना. मी क्वालिटीत आहे. संशय आलेल्या मालाला आम्ही तारेने लाल टॅग अडकवतो, आणि क्वालिटीने मोकळा केल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नसतो. त्या दिवशी वाचताना कुकरची शिट्टी झाली म्हणून मी घाईत उठले होते आणि कंपनीच्या ॲप्रनच्या खिशातला टॅग खूण म्हणून घातला होता. एवढंच होतं ते.

“तुम्हाला खरंच वाटलं मी पान रिजेक्ट केलं?”

“वीसेक वेळा वाचलं ते पान. चूक काही सापडंना. मग पुढच्या धड्याचं नाव दिसलं.”

पुढचा धडा होता, कमावता माणूस गेल्यानंतर घरच्या बाईने काय करावं.

“म्हटलं, तुला ते सोसत नसेल,” तो म्हणाला. “म्हणून मीही थांबलो.”

मला हसू यायला हवं होतं, पण भरून आलं. मी ज्याला रुसवा समजत होते, त्यात हा माणूस बारा दिवस माझी काळजी करत बसला होता. टॅग काढून मी बाजूला ठेवला आणि म्हटलं, “आज तुमची सेकंड शिफ्ट आहे. मोठ्याने वाचा. मी ऐकते.”

सोळा वर्षांत मी त्याला वाचताना ऐकलं नव्हतं. ओळीखाली बोट धरून, अवघड शब्दापाशी थांबून, तो सावकाश वाचत गेला. कागदपत्रं कुठे ठेवायची, वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं, विम्यासाठी बाईने कुणाला भेटायचं, सगळं नीट लिहिलेलं होतं. धडा संपला. त्याने पान उलटलं, तर पुढे कर वाचवण्याचं निघालं. तो मागे गेला, अनुक्रमणिका काढली आणि बोट फिरवत पार शेवटच्या ओळीपर्यंत आला.

“काय शोधताय?”

“तू गेल्यावर मी काय करायचं, ते कुठंच दिलं नाही.”

त्याची बस पावणेदोनला यायची होती. तोवर मी त्याचा हात धरून बसून राहिले.