छावणीत न बसलेली घोडी

माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्मापासून तिचे पाय ताठ. मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, आधाराशिवाय बसणंसुद्धा जमत नसे. उदगीरचे एक म्हातारे डॉक्टर आधी फौजेत होते. त्यांनी तिला तपासून आईला विचारलं, गावात कुणाकडं घोडं आहे का. आईला वाटलं, थट्टा चाललीय. मग त्यांनी समजावलं. खोगीर न घालता पाठीवर बसवायचं, जनावराच्या अंगाची ऊब मांड्यांना लागू द्यायची आणि सावकाश चालवायचं. त्या चालीनं कंबर हलते, पाय मोकळे होतात. पण रोज करायला हवं.

आमच्या देवणीत घोडी एकच होती, गल्लीतल्या चाचांची. वराती हाच त्यांचा धंदा. आईनं विचारल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी घोडी दारात आणली. सकाळच्या नमाजानंतर ते पाठीवर गोधडीची घडी टाकत, बहिणीला वर बसवत आणि एक हात तिच्या कमरेला लावून नदीच्या कोरड्या पात्रात तिला फिरवत. पहिला महिना ती रडली. मग तिनं आयाळ धरली. वर्षाच्या आत ती ओट्यावर एकटी, पाठ ताठ ठेवून शेंगा फोडत बसली. आईनं ते बघायला शेजारणींना बोलावून आणलं होतं.

त्यानंतर सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. लग्नं लांबली, वराती बंद झाल्या, कडबा दिसेनासा झाला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याचा सगळ्यांना उत्साह, त्यामुळं प्रत्येक कामाचा समारंभ होई. आमच्याकडं व्यापाऱ्यांच्या मंडळानं चारा छावणी उघडली. याच मंडळाच्या लातूरच्या वसतिगृहात मी फुकट राहून बी.ए. करत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ते उपकार मी आजही मानते.

छावणीत आलेल्या प्रत्येक जनावराच्या शिंगावर तांबड्या रंगानं नंबर टाकत. नंबर बघून पेंढी मिळे. सुट्टीत मी घरी होते, म्हणून चाचांबरोबर रांगेत उभी राहिले. आमचा नंबर आल्यावर कारकुनानं ब्रश डब्यात बुडवला आणि घोडीकडं बघून थांबला.

"चाचा, नंबर कुठं टाकू? हिला शिंगं फुटू द्या, मग या."

रांग हसली. चाचाही हसले. मला त्यांच्या हसण्याचा जास्त राग आला. मी म्हटलं, खुरावर टाका. तो म्हणाला, छावणी गुरांची हाय, नियम हाय.

मी मंडळाच्या अध्यक्षांच्या दुकानात गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. बहिणीचं सगळं ऐकून त्यांचे डोळे ओले झाले, हे मी खोटं सांगणार नाही. पण घोड्याला चारा दिला तर लोक म्हणतील, गाई उपाशी आणि वरातीच्या घोडीचे लाड, असं ते म्हणाले. त्यापेक्षा मुलीला चाकांची खुर्ची देऊ. छावणीच्या समारंभाला कलेक्टर साहेब येणार आहेत, त्यांच्याच हातून. आणि आभार तू मान, आमच्या वसतिगृहाची मुलगी म्हणून. निघताना त्यांनी सांगितलं, चाचांना घोडी सजवून आणायला सांग, साहेबांची मिरवणूक काढायची आहे.

म्हणजे मिरवायला घोडी चालत होती.

समारंभाच्या दिवशी झूल घातलेली घोडी मांडवाबाहेर उभी होती. झुलीखालून तिच्या बरगड्या दिसत होत्या. बहिणीला खुर्चीत बसवलं. खुर्चीच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मंडळाच्या चिटणीसांनी लिहून दिलेला आभाराचा कागद मी वाचला. संपल्यावर माईक सोडला नाही. मी म्हणाले, "माझ्या बहिणीला खुर्ची नको होती. तिला बसायला ज्या घोडीनं शिकवलं, ती बाहेर उपाशी उभी आहे. तिला रोज दोन पेंढ्या द्या."

मग अध्यक्ष हसत उठले, पोरगी धीट आहे म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक पेंढी आणवून कलेक्टरांच्या हातून घोडीला भरवली, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी चाचा छावणीवर गेले, तेव्हा कारकुनानं पुन्हा तोच नियम सांगितला.

मी मग काय केलं? काही नाही. परीक्षा होती, लातूरला परत गेले. वसतिगृहात त्यांचंच जेवले. माझं बोलणं धीटपणात जमा झालं आणि विरून गेलं. माझ्या भुकेला नियम नव्हता, कारण मी पास होणार होते, आणि माझ्या पास होण्याचा त्यांना समारंभ करता येणार होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी ताट बाजूला सारलं नाही. त्यांच्यावरचा राग आणि स्वतःवरचा राग मला अजून वेगळा करता येत नाही.

पंधरा दिवसांनी चाचा घोडी घेऊन पायी बीदरकडं सासुरवाडीला गेले. तिथं विहिरीला पाणी होतं. जाताना त्यांनी बहिणीला नदीतून शेवटची फेरी घडवली. घोडी परत आली नाही.

दिवाळीत मी घरी आले, तेव्हा बहीण भिंतीला टेकवलेली होती आणि तिचे पाय पुन्हा एकमेकांवर चढले होते. शेजारी खुर्चीत आईनं धुणं ठेवलं होतं. बहिणीनं विचारलं, "ताई, तू त्या लोकांना माईकवर सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी पुढं काहीतरी सांगेन म्हणून.