अख्ख्या भाईंदरची आत्या

भाईंदर पूर्वेला सकाळी शाळेच्या बसची वाट बघत जेवढी मुलं उभी असतात, त्यांतल्या निम्म्यांची आत्या माझी थोरली बहीण आहे. थापा मारतोय असं वाटत असेल तर आमच्या इंद्रलोक वसाहतीत येऊन कुठल्याही रिक्षावाल्याला ‘आत्या के घर’ एवढंच सांगा. ‘कौनसी आत्या’ असं तो विचारणार नाही. आता आत्या म्हणजे बापाची बहीण हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि माझ्या बहिणीला भाऊ एकच, तो म्हणजे मी. मी तर परवापरवापर्यंत कुणाचाच बाप नव्हतो. पण ताईने माझी वाट बघत हात बांधून बसायचं ठरवलं नव्हतं. ती घरी शिवणकाम करते. ब्लाउज शिवते, पण नाव झालं ते बाळंतविड्यामुळे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी असा सगळा संच तिच्याकडून शिवून न्यायचा, ही आमच्या भागातली रीतच पडून गेली. माप घ्यायच्या आधी ताई विचारणार, “बारसं कधी? नाव कोण ठेवणार?” समोरची बाई म्हणणार, नणंद दुबईला असते, किंवा नणंद आहे पण रुसली आहे. की ताई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणणार, “मग मी काय मेले का? मी येते ना!” शेजारच्या गुजराती भाभींच्या घरी नाव फईने, म्हणजे त्यांच्यातल्या आत्याने, ठेवायचं असतं. त्यांची फई सुरतेहून निघाली होती, पण वेळेवर पोचेना. तेव्हा ताई गुजरातीतला ओ की ठो येत नसताना फई झाली आणि वर भाभींच्या सासूला “मुहूर्त टळतोय, चला चला” म्हणून दटावून आली. नांदेडकडच्या एका कुटुंबात तिने जुळ्यांची नावं एकाच दमात सांगितली, डाव्याचं उजव्याला न होता. त्याचा तिला अजून अभिमान आहे.

बारशात आत्याचं काम तसं एवढंसं. बाळ पाळण्यात घालायचं, आत्याने वाकून त्याच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. बाकीच्या आत्या नाव सांगतात आणि अंग चोरून पळतात. ताई पळत नाही. नाव सांगून झालं की ती तशीच वाकलेली राहते आणि म्हणते, “हं, या. कुणाला शिलाईचा राग काढायचाय त्यांनी आधी या.” मग हसण्याखिदळण्यात असे काही दणके बसतात की पाळण्याची कडीसुद्धा वाजते. पण या कामात तिचा एक नियम आहे आणि तो मोडायची कुणाची टाप नाही. नाव बाळाने आधी ऐकायचं, मग जगाने. कुणी आगाऊपणे फुगे आणि नावाची पाटी भिंतीवर लावून ठेवली, तर ताई खुर्चीवर उभी राहून स्वतःच्या हाताने ती पाटी उतरवते. “ज्याचं नाव त्यालाच शेवटी कळणार? आपलं लग्न ठरल्याचं आपल्याला दूधवाल्याकडून कळलं तर बरं वाटेल का?” असा तिचा सवाल असतो. तिचं स्वतःचं लग्न का झालं नाही, असं विचारलं की ती “माप बसलं नाही” म्हणते आणि मशीनचं पायडल जोरात मारते. खरं म्हणजे बाबा अचानक गेले तेव्हा मी शाळेत होतो, आणि त्या पायडलवरच माझं शिक्षण झालं. हे मी बोललेलं तिला खपत नाही, म्हणून इथे लिहून टाकतोय.

पुढे मी नोकरीसाठी हॉलंडला गेलो आणि चाळिशीच्या तोंडावर आम्हाला मुलगी झाली. फोनवर ताईने मुलगी आहे की मुलगा हे विचारलंच नाही. “बाळ-बाळंतीण सुखरूप ना?” म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, “आता मी खरी आत्या झाले रे.” इतक्या बारशांनंतर हे वाक्य ऐकून मला हसूच आलं. पण गोची पुढेच होती. तिकडे बाळ जन्मलं की दोन-तीन दिवसांत पालिकेत नाव नोंदवावंच लागतं. मी ताईला फोन केला आणि म्हणालो, “नाव सांग, नोंदवायला निघालोय.” ताई म्हणाली, “ठरवलंय. केव्हाचं ठरवलंय. पण सांगणार नाही. आधी तिच्या कानात.” मी कायदा सांगितला. “नाव म्हणजे काय भेंडीचा भाव आहे, फोनवर सांगायला? त्या लोकांना म्हणावं, आत्या येईपर्यंत थांबा.” आता इंद्रलोकातल्या आत्यासाठी हॉलंडचं सरकार थांबत नाही, हे तिला कोण समजावणार? तिला यायला व्हिसा नाही, आणि आमच्याकडे वेळ नाही. आम्ही मुलीचं नाव इरा असं लिहून दिलं. ताईने ते ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाली, “ठीक आहे. सरकारी कामापुरतं असू दे.” त्यानंतर दहा महिने तिने ते नाव तोंडातून काढलं नाही. मुलीला ती ‘आमची बिननावाची’ म्हणायची.

पण बिननावाची असली म्हणून लक्ष कमी नव्हतं. हॉलंडमध्ये बाळंतिणीच्या घरी पहिला आठवडाभर एक नर्स येते. आमच्याकडे आलेली बाई सहा फूट उंच आणि अतिशय शिस्तीची होती. तिने पहिल्या दिवशी बाळाला आंघोळीसाठी एका बादलीत गळ्यापर्यंत बसवलं. तिकडची ती पद्धतच आहे. ताई व्हिडिओ कॉलवर होती. “अगं बाई! पोरीला साड्यांसारखं भिजत घातलंय!” समोरचा माणूस मराठी नसला की ताई हिंदीत शिरते, मग तो कुठल्याही खंडातला असो. “मॅडम! ओ मॅडम! पहले तेल! तेल लगाओ, बाद में बालटी!” नर्सने शांतपणे फोनकडे बघून इंग्रजीत काहीतरी सांगितलं, ताईने हिंदीत उत्तर दिलं, आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींना न कळता बोलत राहिल्या. शेवटी नर्सने बाळाच्या पायाला तेल लावलं, तेव्हा ताईने “थँक्यू, बेटा” म्हणून तिला आशीर्वाद दिला. नंतर त्या बाईने तिकडच्या रिवाजाप्रमाणे टोस्टवर साखरेत घोळलेली बडीशेप पसरून आम्हाला खायला दिली. बाळ झालं की ते लोक तेच वाटतात. ताईचं मत एकदम फिरलं. “बाळंतिणीला बडीशेप देतात? मग माणसं चांगली आहेत. बादलीचं तेवढं समजावून सांग.”

रोज तिचे सकाळचे दहा वाजले की आमच्या पहाटे फोन यायचा. फोन उशीला टेकवून ठेवायचा आणि ताईने भाजी चिरता चिरता मुलीशी बोलायचं. आज टेंभ्याला सुके बोंबील विकणारी बाई आली नाही, मुर्ध्याच्या खाडीकडून वारा येतोय, गोल्डन नेस्टच्या चौकात किती ट्रॅफिक, असं सगळं त्या तान्ह्या पोरीला ती सांगायची. आणि पोरगीही अशी लबाड, की आवाज आला की हातपाय झाडत हसायची. मग भारतात यायचं ठरलं, ते बारशासाठीच. प्रवासाच्या सूचना सुरू झाल्या. ताई आयुष्यात विमानात बसलेली नाही, पण त्याने तिचं काही अडत नाही. “कानात कापूस घाल. गालावर तीट लाव. आणि विमानात झोळी बांधायला कडी असते का ते विचारून ठेव.” मी म्हटलं, “ताई, विमानात झोळी नसते.” चौकशी केली तर पुढच्या रांगेत भिंतीला लावायचा पाळणा खरंच देतात. “बघ,” ती म्हणाली, “लोकांना अक्कल असते, तुलाच विश्वास नाही.” माझ्या बायकोने ताईने पाठवलेली कुंची घालून मुलीला त्या पाळण्यात ठेवलं, आणि ती मुंबईपर्यंत ढाराढूर झोपली. आजूबाजूची सगळी विलायती बाळं रडत होती. मला उगाचच छाती फुगल्यासारखी वाटली.

दारात ताई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नवी साडी, केसात गजरा. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीच्या डोळ्यांना पाणी लावलं, आणि दोन्ही हात पुढे केले. “ये गं माझी बाय!”

मुलीने तिच्याकडे बघितलं आणि असा टाहो फोडला की चौथ्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. ताई पुढे आली की रडणं वाढे आणि ती मागे गेली की थांबे. आमच्या भागातलं एकही बाळ आजवर ताईच्या हातात रडलं नव्हतं. ताईने हात खाली घेतले. “प्रवासाने कावलीय,” म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या भाभींच्या कडेवर पोरगी खुशाल जायची, खालच्या वॉचमनकडे बघून हसायची, आणि ताई दिसली की माझ्या मानेत तोंड खुपसायची. बारसं रविवारी होतं. बोलावणी गेली होती, घुगऱ्यांसाठी हरभरे आणून ठेवले होते, आणि बारशांसाठी भाईंदरभर उसना फिरणारा ताईचा पाळणा त्या दिवसापुरता घरी परत आला होता. शनिवारी दुपारी मशीनवर हात ठेवून ती मला म्हणाली, “उद्या तूच सांग तिच्या कानात. रडवून नाव ठेवायचं नसतं.” ताईला हरलेलं मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला ते मुळीच बघवत नव्हतं.

माझ्या बायकोच्या मात्र काहीतरी लक्षात आलं होतं. ती म्हणाली, “ताई, तुम्ही आत जा आणि मला व्हिडिओ कॉल करा.” ताई म्हणाली, “चार पावलांवरून कॉल?” “करा तर खरं.” ताई स्वयंपाकघरात गेली. हॉलमध्ये फोन वाजला, मुलीने पडद्यावर वीतभर ताई बघितली आणि आनंदाने किंचाळून फोनवर झडप घातली. तिची आत्या हीच होती! दारात उभी राहिलेली ती दुसरी कुणीतरी अवाढव्य बाई होती. मग दुपारभर आमच्या घरात जो तमाशा चालला तो काय सांगू. ताई फोन तोंडासमोर धरून आधी स्वयंपाकघराच्या दारात, मग कपाटाशी, मग सोफ्यामागे. ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना ती “आत्ता नको, मी फोनवर आहे” सांगत होती, आणि समोरच्या फोनमधून तेच ऐकू येत होतं. तिन्हीसांजेला ती मुलीच्या समोर मांडी घालून बसली आणि बोलता बोलता तिने फोन हळूच खाली घेतला. पोरीने पडद्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, परत पडद्याकडे. मग पुढे रांगत येऊन ताईच्या नाकाला हात लावला.

रविवारी आमच्या घरात मुंगीला जागा नव्हती. आजवर ताईने ज्यांच्या पोरांची नावं ठेवली त्या सगळ्या बाया आल्या होत्या, आणि हिशोब चुकता करायच्या तयारीने आल्या होत्या. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, मुलगी पाळण्यात गेली. ताई वाकली. तिने तळहाताचा आडोसा केला आणि कुर्रर्र केलं. नेहमी तिचं काम चुटकीसरशी होतं. त्या दिवशी ती कानाशी बोलतच राहिली. मग मान वर करून मोठ्याने म्हणाली, “इरा!” मी चाट पडलो. पण विचारायला वेळच मिळाला नाही, कारण तोवर पाठीवर धपाट्यांचा पाऊस सुरू झाला होता. ताई वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली, आणि थोड्या वेळाने बायकांना दिसलं की ती रडतेय. सगळ्यांचे हात एकदम थांबले. मुर्ध्याची एक म्हातारी घाबरून म्हणाली, “आत्याबाय, लागला काय गो? आमी तं हलूच मारला!” ताई डोळे पुसत म्हणाली, “लागलं. लागू दे. आज माझी स्वतःची भाची आहे. थांबू नका, मारा!”

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं, “तुझं ठरवलेलं नाव कुठे गेलं?” ती पाळण्याच्या दोऱ्या सोडवत होती. म्हणाली, “तू इरा म्हणालास की ती मान वळवते. आल्या दिवसापासून बघतेय मी. ज्या नावाला पोर मान वळवतं ते काढून घ्यायचं नसतं.” मी म्हटलं, “मग एवढा वेळ कानात काय सांगत होतीस?” “ते तिला सांगितलंय,” ती म्हणाली, “तू कोण विचारणारा?”

आता आम्ही परत हॉलंडला आलोय. व्हिसाचे सोपस्कार अजून चालू आहेत, आणि ताईच्या गुडघ्यांचं आपलं वेगळंच वेळापत्रक आहे. फोन रोज येतो, सगळ्या भाईंदरच्या बातम्या येतात, आणि ती आता जगासमोर ठणठणीत आवाजात ‘इरा’ म्हणते. फक्त बोलणं संपत आलं की मला सांगते, “जरा तिच्या कानाला लाव रे फोन.” मी लावतो आणि तोंड दुसरीकडे करून उभा राहतो. पलीकडून हलकेच काहीतरी येतं आणि पोरगी खुदकन हसते. लहान मुलं पटकन विसरतात, आणि भाईंदर इथून फार लांब आहे, हे मला कळतं. म्हणून मी कितीही घाईत असलो तरी फोन तिच्या कानाला लावायचं चुकवत नाही.